ही रेघ कोणी आखली?

खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो. अक्कलदाढेच्या मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला तो सुरू होतो, दाढांच्या मुळांखालून पुढे येतो आणि उपदाढांपाशी एका छिद्रातून बाहेर उघडतो. त्यातून जी नस जाते तिच्यामुळे आपल्याला खालचा ओठ आणि हनुवटी जाणवते. खालची दाढ काढताना सुई देऊन ओठ जड करतात, तेव्हा काही तासांसाठी हीच नस झोपवलेली असते. इम्प्लांटची आखणी करताना संगणकाच्या पडद्यावर ही नस एक रंगीत, ठसठशीत रेघ म्हणून दिसते. पाहणाऱ्याला वाटते, स्कॅनमध्येच ती तशी आली असणार. तसे नसते. स्कॅनमध्ये असतात फक्त करड्या रंगाच्या कमीअधिक छटा. त्यांतून वाट काढत, माऊसने एकेक ठिपका ठेवत, ती रेघ कोणीतरी आखलेली असते. अलीकडे काही सॉफ्टवेअर ती आपणहून आखून देतात, पण ती बोगद्यातूनच गेली आहे की शेजारच्या पोकळ हाडातून, हे बघायला माणूसच लागतो.

या पुस्तकाचा विषय संगणकाच्या मदतीने दातांचे इम्प्लांट योजणे आणि बसवणे हा आहे. त्यातले प्रत्येक प्रकरण फिरून फिरून या रेघेपाशी येते, म्हणून प्रस्तावनाही तिथूनच सुरू केली.

मी इम्प्लांटचे काम शिकले ते ओपीजीवर. सगळा जबडा उलगडून एका सपाट फिल्मवर दाखवणारा हा एक्स-रे आजही उपयोगाचा आहे. पण त्यात चित्र खऱ्यापेक्षा साधारण पाव पटीने मोठे येते, आणि सगळीकडे सारखे मोठे येत नाही. त्याचा हिशेब लावण्यासाठी आम्ही ५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी मेणात बसवून रुग्णाच्या तोंडात ठेवत असू. फिल्मवर ती सव्वासहा मिलिमीटर भरली, की त्या जागेची सगळी मापे सव्वाने भागायची. कंपन्या इम्प्लांटच्या आकृत्या छापलेले पारदर्शक कागद देत. तो कागद फिल्मवर ठेवून, मागून उजेड सोडून, नसेच्या वर किती हाड उरते ते पट्टीने मोजायचे. इतके करूनही कळायची ती फक्त उंची. हाडाची जाडी हिरडी उघडल्याशिवाय कळत नसे. खालच्या दाढांच्या जागी जिभेच्या बाजूला हाड पुष्कळदा आत वळलेले असते. वरून ऐसपैस दिसणाऱ्या जागेत ड्रिल सरळ खाली नेले तर ते त्या वळणातून बाहेर पडू शकते, आणि तिथे जिभेखालच्या रक्तवाहिन्या आहेत. तोंडाच्या तळाशी रक्त साचून जीभ वर उचलली गेली तर श्वास अडतो. म्हणून त्या दिवसांत आम्ही भीतीने आखूड इम्प्लांट घालत होतो. ती भीती योग्यच होती, कारण दिसत नव्हते.

नस दुखावलेली एक रुग्ण माझ्याकडे आली ती त्याच काळात. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे इम्प्लांट बसवले होते. दात उत्तम होता, चावता येत होते, एक्स-रेत हाडही छान धरलेले दिसत होते. पण खालच्या ओठाची उजवी बाजू बधिर होती. चहा पिताना थेंब हनुवटीवरून ओघळतो आणि समोरच्याच्या नजरेवरून आपल्याला कळते, असे तिने सांगितले. त्यामुळे चारचौघांत चहा घेणे तिने सोडले होते. मी तपासले, टाचणीच्या टोकाने बधिर भागाची हद्द तिच्या हनुवटीवर आखून पाहिली, आणि इतक्या काळानंतर आता फारसे काही परत येणार नाही हे तिला सांगावे लागले. दंतवैद्यकात मिलिमीटर म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळले.

इम्प्लांटची कहाणी सशाच्या पायापासून सुरू होते. १९५२च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक हाडाच्या मज्जेतला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची छोटी दर्शिका बसवली. काम संपल्यावर महागाची ती वस्तू काढून घ्यायला गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते, मध्ये मांसल पडदा तयार झाला नव्हता. १९६५ साली गोथेनबर्ग येथे यस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. जन्मतःच जबड्यात व्यंग असलेल्या या माणसाने ते २००६ साली मृत्यू येईपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षे, वापरले. दंतवैद्यकाच्या जगाने मात्र या कामाकडे बराच काळ संशयाने पाहिले. १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत ते मांडले गेले आणि मग दारे उघडली.

हाड धातूला धरेल का, हा प्रश्न असा सुटला. धातू नेमका कुठे ठेवायचा, हा उरला. त्याचे उत्तर दंतवैद्यकाच्या बाहेरून आले. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला गेला. १९८४ साली अमेरिकेत चक हल यांनी द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करून वस्तू घडवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. आज आपण तिला थ्रीडी प्रिंटिंग म्हणतो. १९८५ साली झुरिकमध्ये वेर्नर म्यॉरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने तोंडातच कॅमेऱ्याने दाताचे माप घेऊन, खुर्चीशेजारीच चिनीमातीचे भरण कापून दाखवले. आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी इटलीतल्या वेरोना येथून सीबीसीटी पुढे आला. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एकदा फिरवून जबड्याचे त्रिमित चित्र देणारा, इस्पितळातल्या सीटीपेक्षा सहसा कमी किरणांत काम भागवणारा, दवाखान्याच्या एका खोलीत मावणारा. हे चार धागे एकत्र आले तेव्हा आजचा विषय तयार झाला.

पण या इतिहासात मन रमवायला नको. मला ज्यासाठी हे पुस्तक लिहावेसे वाटले ती गोष्ट यंत्रांत नाही, ती कामाच्या क्रमात आहे.

पूर्वी आम्ही हाड शोधत असू. जिथे हाड बरे, तिथे इम्प्लांट, आणि मग त्या इम्प्लांटवर दात कसा उभा करायचा ही लॅबची डोकेदुखी. मी प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कॅप, ब्रिज आणि कवळ्या करणारी. सर्जनने उत्तम बसवलेले इम्प्लांट माझ्याकडे येत आणि त्याचा स्क्रू पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूने, ओठासमोर बाहेर निघे. हाडाच्या हिशेबाने काम निर्दोष, आरशाच्या हिशेबाने फसलेले. वाकडे जोडभाग लावून, सिमेंटने दात चिकटवून आम्ही निभावून नेत असू. ते सिमेंट हिरडीखाली राहून पुढे सूज धरे, हाड झिजे.

संगणकाने हा क्रम उलटा करायला लावला. आधी तोंडातला स्कॅनर फिरवून दात आणि हिरड्यांचे माप घ्यायचे. पडलेल्या दाताच्या जागी पडद्यावर नवा दात उभा करायचा: समोरच्या दाताशी मिटणारा, शेजाऱ्यांशी जुळणारा, हसताना शोभणारा. मग सीबीसीटीचे चित्र आणि हे माप एकमेकांवर बसवायचे. आता दातही दिसतो, त्याखालचे हाडही दिसते, आणि दोघांमध्ये इम्प्लांट ठेवायचे. दात सांगतो स्क्रू कुठून निघावा, हाड सांगते काय शक्य आहे. दोघांचे जमत नसेल तर ते शस्त्रक्रियेच्या दिवशी न कळता महिनाभर आधी कळते. हाड भरावे लागेल, इम्प्लांट थोडे कलते करावे लागेल, किंवा इम्प्लांट नकोच, ब्रिज बरा, हे रुग्णाशी शांतपणे बोलता येते. माझ्या मते संगणकाची खरी देणगी ही महिनाभराची सवड आहे. गाइड, म्हणजे ड्रिलला ठरलेली वाट दाखवणारा साचा, हा तिच्या मागोमाग येणारा फायदा.

जागा ठरवतानाची काही मापे बहुतेक शाळांमध्ये सारखीच शिकवतात. नसेपासून किमान २ मिलिमीटर लांब. शेजारच्या दाताच्या मुळापासून दीड. दोन इम्प्लांटमध्ये ३. वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते, तिच्या तळाशी किती हाड आहे त्यावर सगळा डाव अवलंबून. ही मापे पाठ करायला दहा मिनिटे लागतात. स्कॅनमध्ये ती जिथून मोजायची ती हद्द ओळखायला मात्र वर्षे लागतात, म्हणून त्या प्रकरणात मी चित्रे अधिक आणि मजकूर कमी ठेवला आहे.

योजना पडद्यावर झाली, आता ती तोंडात उतरवायची. सर्वांत रुळलेला मार्ग गाइडचा. दातांवर चपखल बसणारा रेझिनचा साचा संगणकावर आखतात, छापतात, अल्कोहोलमध्ये धुतात, प्रकाशाखाली पक्का करतात. ठरलेल्या जागी ठरलेल्या कोनात त्यात भोक असते, भोकात धातूची नळी, म्हणजे स्लीव्ह. ड्रिल त्या नळीतूनच उतरते, ठरलेल्या खोलीला अडते. दुसरा मार्ग नॅव्हिगेशनचा. कॅमेरे रुग्णाच्या जबड्यावर आणि हँडपीसवर लावलेल्या खुणांवर नजर ठेवतात आणि ड्रिल हाडात कुठे आहे ते पडद्यावर चालू क्षणाला दाखवतात. तिसरा यंत्रमानवाचा. २०१७ साली चीनमधल्या शिआन येथे यंत्रमानवाने माणसाचा हात न लागता एका महिलेच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवले. या तिसऱ्याविषयी पुस्तकात थोडेच आहे, कारण आपल्या वाचकाच्या खुर्चीशेजारी आज गाइड आहे.

आणि गाइडविषयी एक आकडा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राहावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात रुग्णांवरचे २० अभ्यास एकत्र करून पाहिले होते. योजलेले इम्प्लांट आणि प्रत्यक्ष बसलेले इम्प्लांट यांत हाडाच्या तोंडाशी सरासरी १.२ मिलिमीटर, टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कोनात साडेतीन अंश फरक निघाला. नुसत्या हाताने ठेवण्यापेक्षा हे चांगले आहे, यात वाद नाही. पण ही सरासरी आहे. काही इम्प्लांट याहून जवळ बसले, काही याहून दूर. त्या अभ्यासकांनीही निदान २ मिलिमीटर सुरक्षित अंतर सोडायला सांगितले. पडद्यावर इम्प्लांटचे टोक नसेच्या रेघेपासून १ मिलिमीटरवर ठेवून 'गाइड आहे ना' म्हणणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगते.

हा फरक येतो कुठून? स्कॅनच्या वेळी रुग्ण किंचित हलतो. तोंडातल्या धातूच्या कॅप किरणांना विस्कटतात आणि चित्रात पांढऱ्या रेघांचा स्फोट दिसतो. मग दोन चित्रे एकमेकांवर बसवताना ज्या दातांचा आधार घ्यायचा तेच धूसर असतात. छापताना रेझिन किंचित आकसते. ड्रिल नळीत फिरावे म्हणून थोडी सैलता ठेवावीच लागते, आणि त्या सैलतेत ड्रिल कलते. तोंडात एकही दात नसेल तर गाइड हिरडीवर टेकतो आणि हिरडी दाबली जाते, म्हणून तो हाडात पिना घालून जखडावा लागतो. यातली एकेक चूक क्षुल्लक. त्या एकाच दिशेने साचल्या तर क्षुल्लक राहत नाहीत.

माझ्या एका केसमध्ये गाइड छान आला होता. मॉडेलवर बसवून पाहिला, चपखल. शस्त्रक्रियेच्या सकाळी तोंडात ठेवला तर डाव्या बाजूला तो बसल्यासारखा वाटला, पण गाइडमध्ये मुद्दाम ठेवलेल्या खिडकीतून पाहिले तेव्हा उपदाढेच्या टोकावर केसाएवढी फट दिसत होती. रुग्णाला विचारले. माप घेतल्यानंतर गावी असताना त्यांची त्या दातावरची जुनी कॅप निघाली होती, तिथल्या डॉक्टरांनी नवी बसवून दिली होती. हे सांगण्यासारखे आहे असे त्यांना वाटले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. बरने गाइड आतून थोडा खरवडला असता तर तो खाली बसला असता, आणि किती कलला ते कोणाला कधीच कळले नसते. रुग्ण भूल घेऊन खुर्चीत होता, सगळे मांडून ठेवलेले होते. त्या दिवशी काही न करता त्यांना परत पाठवले, पुन्हा माप घेतले, पुन्हा गाइड छापला. तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या आधी विचारायच्या प्रश्नांत 'मध्यंतरी कुठे दातांचे काम केले का' हा प्रश्न पहिला आहे.

उष्णतेचा मुद्दा पुस्तकांत एका ओळीत उरकतात. मी त्याला एक प्रकरण दिले आहे. १९८३ साली गोथेनबर्गच्याच एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी, पुन्हा सशांवरच, दाखवून दिले की ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट तापलेले हाडही इजा पावते. ड्रिल करताना आपण वरून थंड सलाइन सोडतो ते यासाठी. पण गाइड हाडावर टोपीसारखा बसलेला असतो आणि पाणी आत पोचत नाही. म्हणून ड्रिल वरखाली करत, दर खेपेला बाहेर काढत, सलाइन नळीत जाईल असे बघत काम करावे लागते. धार गेलेली ड्रिल गाइडमध्ये वापरणे मी गुन्हा मानते. इम्प्लांट महिन्याभरात ढिले होऊन हातात येते आणि दोष रुग्णाच्या हाडाला दिला जातो.

आता आपल्याकडची एक गोष्ट. परदेशी पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच येते, आणि आपल्या ओपीडीत रोज समोर बसते. गाइडची ड्रिल नेहमीपेक्षा लांब असतात, कारण त्यांना नळीची उंची आणि नळी-हाडामधले अंतर ओलांडून खाली जायचे असते. हँडपीसचे डोके, लांब ड्रिल आणि गाइड मिळून मागच्या दाढेपाशी बरीच उंच जागा लागते. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटे उभी मावतात, तरीही शेवटच्या दाढेला ओढाताण होते. ज्यांनी वर्षानुवर्षे गुटखा, मावा, खर्रा चघळला आहे, त्यांच्यापैकी कित्येकांच्या तोंडात दीड बोटही मावत नाही. गालाच्या आतली त्वचा पांढरी, चिवट दोऱ्यांसारखी झालेली असते. १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी ज्या आजाराचे वर्णन करून त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले, तोच हा. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी असे रुग्ण माझ्या खुर्चीत येणे थांबलेले नाही. या माणसाची योजना पडद्यावर सुंदर दिसते. स्कॅनमध्ये हाड दिसते, तोंड किती उघडते ते दिसत नाही. म्हणून स्कॅनला पाठवण्याआधी पट्टी घेऊन तोंडाची उघड मोजा, आणि त्या डागांकडे, दोऱ्यांकडे इम्प्लांटच्या नजरेने पाहण्याआधी कर्करोगाच्या धास्तीने पाहा.

राहिली ती मनाला सर्वांत लागलेली गोष्ट. आज लहान गावातला दंतवैद्यही स्कॅनच्या फायली मोठ्या शहरातल्या आखणी केंद्राला इंटरनेटवरून पाठवतो. तिथला तंत्रज्ञ नस आखतो, इम्प्लांट ठेवतो, योजना परत पाठवतो. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मोबाइलवर ती उघडून 'अप्रूव्ह' दाबले की चार-सहा दिवसांत कुरियरने गाइड येतो. ही सोय मोठी आहे, मीही तिचा लाभ घेते, आणि त्या तंत्रज्ञांमध्ये कित्येक जण आमच्याहून निपुण आहेत. पण त्यांनी रुग्णाला पाहिलेले नसते. त्याची हिरडी बोटाने दाबलेली नसते, त्याची साखर किती असते हे त्यांना ठाऊक नसते. योजनेवर सही माझी असते. रेघ न तपासता केलेली सही मला मान्य नाही, आणि या पुस्तकाचा वाचक ती करणार नाही अशी माझी अपेक्षा आहे. मोबाइलवर नव्हे, संगणकावर योजना उघडा, स्कॅनचा एकेक काप पुढेमागे सरकवा, बोगदा सुरू होतो तिथपासून छिद्रापर्यंत रेघेच्या मागे चाला. पंधरा मिनिटे लागतात.

गाइड प्रत्येक केसला हवाच, असे मी कुठेही म्हटलेले नाही. एकच दात, भरपूर रुंद हाड, नस दूर आणि हात मुरलेला असेल तर साध्या पद्धतीने उत्तम काम होते, आणि रुग्णाचे पैसे वाचतात. सीबीसीटीही उगाच काढू नये, किरण कमी असले तरी ते असतातच. पण पुढचे दात, एका वेळी अनेक इम्प्लांट, किंवा नस आणि सायनस यांच्या जवळची जागा असेल तर संगणकाशिवाय काम करण्याचे समर्थन आज मला करता येणार नाही.

हे पुस्तक मी नव्याने काम सुरू करणाऱ्या दंतवैद्यांसाठी लिहिले. हस्तलिखित वाचलेल्या दोन-तीन रुग्णांनी मात्र सांगितले की हे आम्हालाही समजते. म्हणून शेवटचे चार शब्द त्यांच्यासाठी. तुमच्या जबड्यात इम्प्लांट बसणार असेल तर आधी डॉक्टरांना तुमची योजना पडद्यावर दाखवायला सांगा. खालच्या जबड्यात ती रंगीत रेघ दिसेल. ती कोणी आखली, तुम्ही स्वतः तपासली का, आणि इम्प्लांटचे टोक तिच्यापासून किती मिलिमीटरवर आहे, हे विचारा. संकोच करू नका; याचे उत्तर देणे आमचे काम आहे.